एक बाटली खारं पाणी

आमच्या सोलापुरात चौपाटी आहे. हसू नका, खरंच आहे. पार्क मैदानाच्या कडेनं संध्याकाळी गाडे लागतात, भेळ, पावभाजी, ज्यूस, आणि त्याला सगळं गाव पार्क चौपाटी म्हणतं. आता चौपाटी म्हणलं की समुद्र पाहिजे, तर तो आमच्यापासनं तीनशे किलोमीटरच्या पुढं. पण नाव ठेवताना एवढा विचार कोण करतंय, गाडे आहेत, गर्दी आहे, भेळ आहे, झाली चौपाटी. मुंबईला राहून आलेल्या कुणीतरी हौसेनं हे नाव लावलं असणार असं आपलं माझं मत.

तर सांगायचं कारण, गेल्या डिसेंबरात लेकीला पहिल्यांदा खरी चौपाटी आणि तिथनं सुरू होणारा मरीन ड्राइव्ह दाखवून आणला. आल्यापासनं लिहायचं लिहायचं म्हणतोय आणि रोज काहीतरी निघतंय. आज रविवार, लाईट आहे, नेट आहे, म्हणून बसलोय.

मी स्वतः पहिल्यांदा मरीन ड्राइव्ह बघितला तो १९९१ च्या मे महिन्यात. मी नऊ वर्षांचा. मामा गिरगावात चाळीत राहायचा, छापखान्यात कामाला होता. आण्णा, आई, आज्जी आणि मी असे चौघं रात्रीच्या गाडीनं गेलो, जनरल डब्यात, खाली पेपर टाकून. आज्जी म्हणजे मामाचीच आई, पण मुंबईत ती कधी टिकली नाही, त्या खोलीत जीव गुदमरतो म्हणायची आणि जावयाच्या घरी राहायची, लोक काय म्हणतील याची तिला फिकीर नव्हती. सोबत कडक भाकरीचा डबा आणि शेंगाचटणीचा पुडा. मुंबईला जाताना आम्ही असं जेवण बांधून घेतो जसं काय तिकडं दुष्काळ पडलाय.

चाळीत पोचल्या पोचल्या एका म्हाताऱ्या शेजाऱ्यांनी विचारलं, कुठून आलात? आण्णा म्हणले सोलापूर. त्यांना ऐकू आलं सोनापूर. ते हसायला लागले, म्हणले तिथनं कुणी परत आलेलं आजपर्यंत बघितलं नाही हो. आम्हाला काय कळेना. मग मामानं सांगितलं की मरीन लाइन्स स्टेशनच्या जवळ जी जुनी स्मशानं आहेत त्या भागाला मुंबईतले जुने लोक सोनापूर म्हणतात, आणि एखादा गेला की त्याला सोनापूरला नेला म्हणायची पद्धत. आज्जीला हे अजिबात आवडलं नाही. आमच्या गावाचं जुनं नाव सोन्नलगी, सिद्धरामेश्वरांचं गाव, आणि ह्यांनी त्याचं स्मशान करून टाकलं. दोन दिवस ती त्या म्हाताऱ्यांशी बोलली नाही.

संध्याकाळी मामा आम्हाला घेऊन निघाला. चौपाटीवर आधी लोकमान्यांचा पुतळा. १ ऑगस्ट १९२० ला टिळकांवर अंत्यसंस्कार झाले ते तिथंच, वाळूत, समुद्रासमोर, त्यामुळं आण्णांनी चपला काढून नमस्कार केला. मग वाळूतनं चालत पुढं, आणि तिथनं तो कट्टा सुरू झाला. म्हणजे रस्ता, फुटपाथ आणि त्याच्या कडेला समुद्राला लागून एक रुंद सिमेंटचा कठडा, लांबच्या लांब वळत गेलेला, आणि त्याच्यावर माणसंच माणसं बसलेली. मला वाटलं काहीतरी कार्यक्रम आहे. मिरवणूक येणार असेल, म्हणून लोक आधीच जागा धरून बसलेत, आमच्याकडं गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज बघायला बसतात तसे. मी मामाला विचारलं काय आहे आज? तो म्हणला काही नाही. मग हे सगळे कशाला बसलेत? तो म्हणला बसायला बसलेत.

नऊ वर्षांच्या पोराला हे उत्तर काय पटलं नव्हतं. आता चाळिशी ओलांडल्यावर वाटतंय की मरीन ड्राइव्हबद्दल याच्यापेक्षा खरं कुणी काय सांगितलेलं नाही.

आज्जीनं समुद्र बघितला आणि बराच वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणली, एवढं पाणी, आणि प्यायचं नाही? सोलापूरच्या बाईचा हा प्रश्न आहे, नळाला पाणी कधी येणार यावर जिचं सगळं आयुष्य गेलं. आण्णा मिलमध्ये जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते, त्यांना वेगळीच शंका. मामा म्हणाला की दाजी, तुम्ही उभे आहात ना, इथं आधी समुद्र होता, ही सगळी भरावाची जमीन. आण्णांचा विश्वास बसेना. त्यांनी चक्क दोन-तीन वेळा पाय आपटून बघितला फुटपाथवर. जवळनं जाणारे एक पारशी आजोबा थांबून बघायला लागले. मला लई लाज वाटली होती.

पण आण्णांचा तो पाय आपटणं डोक्यात राहिलं, आणि पुढं जेव्हा वाचायला लागलो तेव्हा कळलं की ह्या जमिनीची गोष्ट फार भारी आहे, आणि तिची सुरुवात कापसात आहे, म्हणजे जवळजवळ आमच्याच घरात.

झालं काय, १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. इंग्लंडमधल्या गिरण्या अमेरिकेच्या कापसावर चालायच्या, तो बंद झाला. मग सगळे आले हिंदुस्थानच्या कापसाकडं आणि तो कापूस जायचा मुंबई बंदरातनं. आमच्या सोलापूरला रेल्वे आली १८६० ला, बोरघाटातली लाईन पूर्ण झाली १८६३ ला, म्हणजे टायमिंग बघा. आमच्या भागातल्या काळ्या रानातला कापूस गाडीत बसून थेट मुंबईला. कापसाचे भाव असे चढले की मुंबईत पैसा ठेवायला जागा नाही. गल्लोगल्ली बँका निघाल्या, कंपन्या निघाल्या, आणि त्यातलीच एक बॅकबे रेक्लमेशन कंपनी. गिरगाव ते कुलाब्यापर्यंतची जी समुद्राची वाटी आहे ती भरायची, जमीन काढायची आणि विकायची. नुसत्या कागदावरच्या जमिनीचे शेअर लोकांनी डोळे झाकून घेतले. आजकाल व्हॉट्सॲपवर टिप बघून शेअर घेतात तसंच, फरक काय नाही.

१८६५ ला युद्ध संपलं. अमेरिकेचा कापूस परत सुरू, मुंबईतले भाव धाडकन खाली, बँका बुडाल्या, कंपन्या बुडाल्या. प्रेमचंद रायचंद, ज्यांना तेव्हा कापसाचा आणि शेअरचा राजा म्हणायचे, तेही बसले. मुंबई विद्यापीठातला राजाबाई टॉवर त्यांच्याच पैशातला, आईच्या नावाचा. बॅकबेची कंपनी गेली ती गेलीच. समुद्राच्या कडेनं जी थोडी पट्टी भरून झाली होती तिच्यावरनं पुढं रेल्वे गेली. म्हणजे आज चर्चगेट ते चर्नी रोड जी लोकल धावते ना, ती त्या काळी अगदी समुद्राच्या काठानं जायची, रुळाच्या पलीकडं लाटा. मरीन लाइन्स हे नाव पण समुद्रावरनं आलं असं मला वाटायचं, तर तसं नाही, तिथं मरीन बटालियन नावाच्या पलटणीच्या बराकी होत्या, त्यांच्या त्या लाइन्स. आमच्याकडं पोलीस लाईन असते तशी.

अमेरिकेच्या लढाईनं आमच्याकडच्या कापसाला भाव आला, त्या पैशातनं मुंबईत समुद्र भरायचं खूळ निघालं आणि तीच लढाई थांबली म्हणून ते बुडालं. बारा वर्षांनी, १८७७ ला, सोलापुरात पहिली कापड गिरणी निघाली, जिला आम्ही अजून जुनी मिल म्हणतो, तीही मुंबईच्याच शेटजींनी काढलेली. कापूस आमचा, पैसा त्यांचा. चालायचंच.

मग मधे बरीच वर्षं शांतता. १८ डिसेंबर १९१५ ला चौपाटीच्या बाजूनं कामाला सुरुवात झाली आणि १९२० ला तो तुकडा पूर्ण झाला, त्याला नाव दिलं केनेडी सी-फेस. ही तारीख आणि वर्षं कोरलेला दगड तिथं कट्ट्याजवळ आहे. हजारो लोक त्याच्या शेजारी बसून कणीस खातात. २०१५ ला त्यावरनंच मरीन ड्राइव्हची शंभरी साजरी झाली.

आणि मग आला खरा तमाशा. गव्हर्नर जॉर्ज लॉइड. ह्या माणसानं ठरवलं की थोडी थोडी नाही, सगळीच बॅकबे भरायची. १,१४५ एकर, आठ भागात. समुद्राच्या तळाची माती यंत्रानं ओढायची आणि भिंतीच्या आत टाकायची. कागदावर सगळं सोपं. पण खालची माती निघाली घट्ट, यंत्र खेचायचं कमी, आणि जी आत टाकली त्यातली बरीच भिंतीच्या दगडातनं पाझरून परत समुद्रात. म्हणजे इकडनं भरा, तिकडनं गळतंय. आमच्या गच्चीवरच्या जुन्या टाकीसारखं. खर्च वाढत चालला, मुंबईकर ह्या प्रकाराला लॉइडचा वेडेपणा म्हणायला लागले.

ह्या सगळ्यात घोटाळा आहे हे छातीठोकपणे सांगणारा माणूस म्हणजे वकील खुर्शेद फ्रामजी नरिमन. वीर नरिमन. त्यांनी पेपरात आणि कौन्सिलात असं काही धुतलं की योजनेतल्या हार्वे नावाच्या इंजिनिअरनं त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला. नरिमन त्यातनं निर्दोष सुटले. शेवटी आठातले चारच भाग पुरे झाले आणि बाकीचे सोडून दिले. आता गंमत बघा, सोडून दिलेला भाग स्वातंत्र्यानंतर भरला, त्याच्यावर टोलेजंग ऑफिसं उभी राहिली, आणि त्या जागेला नाव दिलं नरिमन पॉइंट. ज्या माणसानं समुद्र भरण्यातला घोटाळा बाहेर काढला त्याचं नाव समुद्र भरून केलेल्या जमिनीला. चर्चगेट स्टेशनवरनं सरळ समुद्राकडं जातो तो रस्ता पण त्यांच्याच नावाचा. त्यांना विचारलं असतं तर काय म्हणले असते कोण जाणे.

आण्णांना हे सगळं मी नंतर सांगितलं होतं. ते म्हणले, म्हणजे फसलेल्या कामावर उभा होतो म्हण की मी.

ह्या भरलेल्या जमिनीवर तीसच्या दशकात इमारती उठायला लागल्या. सिमेंट काँक्रीट तेव्हा नवीन, आणि जगात फॅशन होती आर्ट डेकोची. त्यामुळं मरीन ड्राइव्हच्या इमारती नीट बघितल्या तर सगळ्या एकाच शिंप्यानं शिवल्यासारख्या वाटतात. सगळ्या साधारण एकाच उंचीच्या, कोपरे गोल केलेले, गॅलऱ्या वळवलेल्या, मधनं आडव्या पट्ट्या, कुठं जहाजाला असतात तशा गोल खिडक्या आणि कठडे. जमिनीवर उभं राहून जहाज व्हायची हौस सगळी. जुन्या हिंदी सिनेमातली गायिका-नटी सुरैय्या इथंच कृष्ण महलमध्ये राहायची, शेवटपर्यंत. आईला ह्याच्यात सगळ्यात जास्त इंटरेस्ट होता, १९९१ ला पण तिनं मामाला तीन वेळा विचारलं की नक्की कुठली खिडकी. मामाला माहीत नव्हती, त्यानं एक दाखवून दिली.

२०१८ ला युनेस्कोनं मुंबईच्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना जागतिक वारसा यादीत घेतलं, एकूण ९४ इमारती, त्यात ओव्हल मैदानाच्या एका बाजूची राजाबाई टॉवर, हायकोर्टवाली जुनी मंडळी आणि दुसऱ्या बाजूची ही तीसच्या दशकातली मंडळी आली आणि मरीन ड्राइव्हची ही ओळ पण आली. चांगलं झालं. पण बऱ्याच इमारतींना खाऱ्या हवेनं पार खाल्लंय, प्लास्टर पडलंय, मधेच कुणीतरी गॅलरी काचेनं बंद करून टाकलीय. आपल्याकडं वारसा म्हणलं की पाटी लागते, रंग लागायचा राहतो.

नावाचं सांगतो. रस्त्याचं खरं नाव नेताजी सुभाषचंद्र बोस रोड. टॅक्सीवाल्याला हे सांगून बघा, तो तुमच्याकडं असा बघेल की तुम्हीच नवीन आहात. आणि दुसरं नाव क्वीन्स नेकलेस, राणीचा हार. रात्री मलबार हिलवरनं खाली बघितलं की ते वळण आणि त्यावरचे दिवे गळ्यातल्या हारासारखे दिसतात. साडेतीन किलोमीटरचा हार. २०१५ ला हे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले आणि मुंबईत काय गोंधळ. पार कोर्टापर्यंत गेलं ते. सोन्याच्या हाराचा बेन्टेक्स केला म्हणून लोक चिडले, मग परत पिवळसर दिवे आले. मला आधी वाटलं होतं की मुंबईकरांना दुसरे उद्योग नाहीत. पण आमच्या सिद्धेश्वर तलावाच्या कडेला उद्या कुणी हिरवे-निळे फोकस मारले तर मी पण भांडेन बहुतेक. लेकीला नेकलेस दाखवला तर ती म्हणली, हे तर आज्जीच्या बोरमाळेसारखं आहे की. बरोबर आहे, गोल गोल मणी सारख्या अंतरावर. राणी व्हिक्टोरियाचा काय संबंध.

बरं, सोलापूर आणि समुद्र यांचं नातं एवढ्यावर संपत नाही. भारतातल्या जहाजधंद्याचं नाव घेतलं की पहिलं नाव येतं वालचंद हिराचंद यांचं, आणि ते जन्मले १८८२ ला आमच्या सोलापुरात. समुद्राचा थेंब नाही अशा गावात. त्यांच्या सिंदिया कंपनीचं एसएस लॉयल्टी हे जहाज ५ एप्रिल १९१९ ला मुंबईहून लंडनला निघालं, ग्वाल्हेरच्या महाराजांकडून विकत घेतलेलं होतं ते. ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिवस त्याच्यामुळंच असतो. आम्ही सोलापूरवाले हे फार कमी सांगतो, आम्ही चादरीचं सांगतो, चटणीचं सांगतो. पार्क चौपाटीला खरं तर वालचंद चौपाटी म्हणायला पाहिजे. (हे मी मित्राला म्हणलं तर तो म्हणला, गप बे, भजी खा.)

आता डिसेंबरच्या ट्रिपचं. वंदे भारत सकाळी सहाच्या सुमाराला सुटते आणि दुपारी साडेबाराच्या आसपास मुंबईत सोडते. १९९१ ला रात्रभर पेपरवर झोपून गेलो होतो आणि आता लेक सीट फिरती का नाही यावरनं तक्रार करत होती. मी, बायको आणि लेक. मामा आता नाही. मामेभाऊ डोंबिवलीला असतो, तो ऑफिसातनं थेट मरीन ड्राइव्हला येतो म्हणला. स्टेशनवरनं काळी-पिवळी केली, चर्चगेटला उतरलो, नरिमन रस्त्यानं चालत समुद्राकडं. त्या रस्त्याच्या टोकाला पोचेपर्यंत समुद्र दिसत नाही, नुसती हवा बदलते, आणि मग एकदम सगळं उघडं होतं. लेक काहीच बोलली नाही. म्हणलं चला, घराण्याचा गुण आहे, पणजीवर गेली.

चार-साडेचारला आम्ही जाऊन बसलो. कट्टा दिवसभर तापलेला असतो, बसलं की बुडाला कोमट लागतो, छान वाटतं. आमच्याकडं मे महिन्यात कट्टा रात्री नऊपर्यंत बसू देत नाही. खाली ते चार पायांचे सिमेंटचे ठोकळे, टेट्रापॉड. हे प्रकरण मूळचं फ्रान्सचं, १९५० ला तिकडं शोधलं. एकात एक पाय अडकतात त्यामुळं लाटेनं सहजी हलत नाहीत, आणि मधे फटी असल्यामुळं लाट एकदम आपटत नाही, फटीफटीतनं शिरून दमून जाते. सरळ भिंत असती तर लाटेनं ती हळूहळू खाल्ली असती. तरी पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वर भरती असली की लाटा कट्टा ओलांडून रस्त्यावर येतात आणि लोक मुद्दाम भिजायला जातात, पोलीस ओरडत असतात. टेट्रापॉडवर उतरू नका एवढं मात्र मनापासून सांगतो, शेवाळानं निसरडे असतात आणि फटीत पाय गेला की गेला.

चणेवाला आला. लेकीनं त्याला विचारलं, काका पाणी एवढं खाली का आहे? तो म्हणला, आत्ता ओहोटी आहे, भरती रात्री. मग मी माझं ज्ञान पाजळलं, की भरती दिवसातनं दोनदा येते आणि रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा. ती दोन सेकंद गप्प बसली आणि म्हणली, म्हणजे इथं रोज दोनदा पाणी येतंय आणि आपल्याकडं पाच दिवसानं? चणेवाला एवढा हसला की त्यानं एक पुडी जास्त दिली. टाइमटेबल सुद्धा आहे बाबा ह्यांच्याकडं, ती म्हणली. आमच्याकडं पाणी कधी येणार हे गल्लीत फक्त एका काकूंना माहीत असतं, त्यांना कुठनं कळतं ते कुणालाच माहीत नाही.

बसल्या बसल्या एक बघितलं. कट्ट्यावर दोन जातीची माणसं असतात. एक समुद्राकडं पाय सोडून बसणारी आणि दुसरी समुद्राकडं पाठ करून रस्त्याकडं तोंड करून बसणारी. जोडपी सगळी समुद्राकडं, कारण उघड आहे. रस्त्याकडं बसणारे म्हणजे म्हातारे, ऑफिस सुटलेले, आणि मुंबईत पंधरा-वीस वर्षं काढलेले. मामा कायम रस्त्याकडं तोंड करून बसायचा. मी विचारलं होतं एकदा, तर म्हणला समुद्र काय पळून जातोय, माणसं बघ. मामेभाऊ आला तो पण बरोबर बापासारखाच पाठ करून बसला, बॅग मांडीवर. त्यानं बोलता बोलता २०२४ च्या ४ जुलैचं सांगितलं, वर्ल्डकप जिंकून टीम आली आणि नरिमन पॉइंटच्या एनसीपीए नाट्यगृहापासनं वानखेडे स्टेडियमपर्यंत बस निघाली तेव्हाचं, की ह्या रस्त्यावर टाच ठेवायला जागा नव्हती आणि गर्दी गेल्यावर चपलांचा खच पडला होता. त्याची पण एक त्यातच गेली. एक चप्पल घालून डोंबिवलीला.

कोस्टल रोडचं पण बोललो. मार्च २०२४ ला सुरू झालाय, इथनंच चौपाटीच्या अलीकडं बोगद्यात शिरतो आणि मलबार हिलच्या खालनं दोन किलोमीटरनं प्रियदर्शनी पार्कला निघतो. गाडीवाल्यांची सोय झाली. मामेभाऊ म्हणला आपल्याला काय, आपण बसणारे.

बसणारे, हे मला लागलं. कारण सोलापुरात मला असं बसायला जागा कुठं आहे याचा विचार करत होतो. सिद्धेश्वर तलाव आहे, गावाच्या मधोमध, बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना हाताशी धरून खणलेला, पलीकडं भुईकोट किल्ला, मधे पाण्यात देऊळ, असलं दृश्य मुंबईवाल्यांच्या बापजन्मात नाही. पण आम्ही तिथं दर्शनाला जातो, गड्ड्याला जातो, पाहुणे आले की जातो. नुसतं बसायला जात नाही. गेलं तर कुणीतरी ओळखीचं भेटतं आणि विचारतं, का बे, काय झालं, घरी भांडण का? इथं साडेतीन किलोमीटर माणसं काही न करता बसलेली असतात आणि कुणी कुणाला काय विचारत नाही. तिकीट नाही, गेट नाही, काही विकत घ्यायची सक्ती नाही. मागं त्या इमारतींमध्ये कोट्यवधीचे फ्लॅट आणि समोर तोच सूर्यास्त फुकट, दहा रुपयाच्या चण्यात.

सूर्यास्ताचं पण एक आहे, जाणार असाल तर थंडीत जा. उन्हाळ्यात सूर्य उत्तरेकडं सरकतो त्यामुळं तो मलबार हिलच्या मागं जातो, इमारतींच्या आड. डिसेंबरात डाव्या हाताला, राजभवनाच्या टोकाच्या अलीकडं, उघड्या समुद्रात पडतो. सहाच्या आसपास तो पाण्याला टेकला आणि अख्ख्या कट्ट्यावरचे फोन वर झाले. पाठ करून बसलेले सुद्धा वळले. मामेभाऊ नाही वळला.

मग दिवे लागले. लेकीला चौपाटीपर्यंत चालत नेलं, भेळ झाली, कुल्फी झाली, आणि पाण्यात पाय बुडवून झाल्यावर तिनं बॅगेतली बाटली काढली आणि समुद्राचं पाणी भरून घेतलं. मी तिला काही सांगितलं नव्हतं. म्हणजे १९९१ ची गोष्ट मी घरात एवढ्या वेळा सांगितलीय की वेगळं सांगायची गरज नव्हती.

ती गोष्ट अशी की आज्जीनं तेव्हा सरबताची रिकामी काचेची बाटली भरून घेतली होती, तोंडाला कापड बांधून, आणि रात्रभर गाडीत मांडीवर धरून आणली. सोलापुरात आम्ही पूर्व भागात राहायचो, आजूबाजूला तेलुगू लोक, कानडी लोक. दुसऱ्या दिवशी दारात ही रांग. एकेकीनं बोट बुडवून चाटलं. शेजारच्या तेलुगू अक्का म्हणल्या उप्पू, मागच्या कानडी आज्जी पण म्हणल्या उप्पू, दोन्हीकडं मिठाला तोच शब्द, आणि मग दोघी हसत सुटल्या. ज्यांनी कधी समुद्र बघितला नव्हता अशा वीस-पंचवीस बायकांनी त्या दिवशी आमच्या ओट्यावर समुद्र चाखला. उरलेली बाटली आज्जीनं देव्हाऱ्यात ठेवली, ती वर्षभर होती. पाणी आटत गेलं आणि काचेला आतनं पांढरा थर बसला. तो थर मी नखानं खरवडून खाल्ला म्हणून मार पण खाल्लाय.

तर लेकीची बाटली. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसनं परत निघालो, तिनं ती उशीशेजारी घेऊन झोप काढली. सकाळी सोलापुरात उतरलो, रिक्षा केली, घरी आलो तर दारातच आईचा आवाज, लवकर या, पाणी आलंय, प्रेशर कमी आहे, भरून घ्या आधी. चप्पल पण काढली नाही. बादल्या, घागरी, पिंप, पातेली, जे दिसेल ते. मी मोटर लावली, बायको वरच्या टाकीला पाईप धरून उभी, आई खाली स्वयंपाकघरात एकेक बाटली भरतेय. वीसेक मिनिटांनी पाणी गेलं आणि सगळे खाली बसलो. तेव्हा लेकीनं विचारलं, आज्जी, माझी बाटली कुठंय?

आई म्हणली, ती होय, गाडीतलं शिळं पाणी होतं, मोरीत ओतलं आणि ताजं भरून ठेवलंय बघ फ्रिजात.